हाइल टॉक बॉक्स: फ्रॅम्प्टनसारखी गिटार बोलवायची असेल तर

रॉक गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनच्या 'शो मी द वे' गाण्यातली बोलणारी गिटार ऐकून टॉक बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज नळीतून तोंडात सोडणारं यंत्र, घ्यायला निघालात, तर आधी आपल्या ॲम्पची (ॲम्प्लिफायरची) मागची बाजू बघा. 1976च्या 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!' या अल्बममुळे हे यंत्र गाजलं, तरी ते त्याचं नव्हे. ध्वनितंत्रज्ञ बॉब हाइलने ते 1973 मध्ये गिटारवादक जो वॉल्शसाठी बनवलं आणि 1974च्या नाताळात फ्रॅम्प्टनला एक भेट दिलं. आज ते डनलॉप कंपनी विकते, एचटी-1 नावाने.

आत फारसं काही नाही: एक ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), खालचे स्वर गाळणारा फिल्टर आणि फूटस्विच. ॲम्पच्या स्पीकर आउटपुटमधून वायर बॉक्सला, बॉक्समधून कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला). स्विच दाबला की आवाज कॅबिनेटऐवजी नळीत जातो. म्हणूनच वेगळं हेड (बिनस्पीकरचा ॲम्प) आणि कॅबिनेट असणाऱ्याला हे सोपं; कॉम्बोवाल्याला, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असणाऱ्याला, आतल्या स्पीकरची वायर काढून बॉक्समध्ये घालावी लागते. इथे गिटारची बारीक केबल चालत नाही, स्पीकर केबलच हवी. व्हॉल्व्ह (ट्यूब) ॲम्पला स्पीकर किंवा बॉक्स न जोडता चालू केलंत, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

नळी माइकच्या स्टँडला टेपने बांधा, टोक माइकच्या थोडं पुढे ठेवा आणि तोंडात एका कडेला धरा. गळ्यातून आवाज काढायचा नाही, फक्त ओठ-जीभ हलवायची. डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) थोडं जास्त ठेवा. अगदी स्वच्छ टोनमध्ये वरचे हार्मोनिक (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे उपस्वर) कमी असतात, मग तोंडाला आकार द्यायला काही उरत नाही. 'आई' झकास उमटतं. 'शशिकांत'च्या वाटेला जाऊ नका, कारण 'श'ला लागणारा हवेचा फुसफुसाट गिटारकडे नाही.

ऐकणाऱ्यांपर्यंत हे सगळं पोचतं ते माइकमधूनच, त्यामुळे पीए (माइकचा आवाज मोठा करणारी स्पीकर यंत्रणा) नसलेल्या खोलीत हा बॉक्स बिनकामाचा. माइकचा आवाज फार वाढवला की मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्ट्या मारतो. नळीत लाळ साचतेच. नळी काढून कोमट साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा, ओल ड्रायव्हरमध्ये उतरली तर तो गेला.

घरी किंवा छोट्या खोलीत वाजवणाऱ्याने एमएक्सआर कंपनीचा टॉक बॉक्स घ्यावा. त्यात स्वतःचा ॲम्प आणि ड्रायव्हर आहे, तो साध्या पेडलसारखा गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बसतो. फक्त त्याला 18 व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो, पेडलबोर्डवरचा नेहमीचा 9 व्होल्टचा चालणार नाही.