दोन मजली बंक, घडीचा बर्थ की एकट्याची केबिन? छोट्या जहाजासाठी निवड करताना

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हिंगणा एमआयडीसीतल्या भाच्याच्या शेडमध्ये आम्ही फरशीवर खडूने एक खोली आखली. लांबी 3 मीटर, रुंदी 2.35. म्हणजे सात चौरस मीटरला जेमतेम पुरी. त्याचा धंदा मॉड्युलर फर्निचरचा. हॉस्टेल, पीजी, दवाखाने अशी कामं तो नेहमी करतो. या वेळी विचारणा आली ती 3000 ग्रॉस टनांच्या (हे जहाजाच्या आकारमानाचं माप, वजनाचं नव्हे) आतल्या एका मालवाहू जहाजाच्या खलाशांच्या खोल्यांची, आणि सोबत तीन वेगवेगळे नकाशे. "मामा, यातलं कोणतं करू?" म्हणून तो माझ्याकडे आला. मी बारा वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये मोटरमन, म्हणजे इंजिनावर पाळी करणारा खलाशी होतो आणि तिन्ही प्रकारांत झोपलो आहे. नागपूरपासून समुद्र कितीही लांब असला तरी अशी कामं आता इकडच्या शेडपर्यंत येतात. ज्यांना असाच निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आमचा हिशेब इथे मांडतो.

सुरुवात नियमांपासून करावी लागते, कारण ते चुकले तर पुढची सगळी मेहनत वाया. 2006 चं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या कामाच्या आणि राहण्याच्या अटींचा आंतरराष्ट्रीय करार, 20 ऑगस्ट 2013 पासून लागू आहे आणि भारताने त्याला 2015 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार खोलीची मोकळी उंची किमान 203 सेंटिमीटर आणि बर्थ आतून किमान 198 बाय 80. जुन्या 1949 च्या करारात हाच बर्थ 190 बाय 68 चा होता. ते 12 सेंटिमीटर रुंदीला काय वाढले, हे कुशीवर झोपणाऱ्यालाच कळेल. मालवाहू जहाजावर प्रत्येकाला स्वतंत्र खोली हा मूळ नियम आहे. 3000 टनांच्या आत मात्र सवलत मिळू शकते आणि दोघांना एक खोली देता येते. एकट्याची असेल तर किमान 4.5 चौरस मीटर, दोघांची असेल तर 7.

म्हणजे दोघांना वेगळं ठेवलं तर 9 चौरस मीटर आणि एकत्र ठेवलं तर 7. वाचतात ते दोन चौरस मीटर, आपल्या भाषेत एकवीस-बावीस चौरस फूट. मधली भिंत आणि एक दार वाचतं ते वेगळं. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढचा सगळा सौदा एवढ्याचाच आहे.

दोन मजली बंक

नकाशावर हाच सगळ्यात देखणा दिसतो. एका बिछान्याच्या जागेत दोन माणसं आणि उरलेली खोली मोकळी. पण उंचीचा हिशेब मांडून पाहा. खालचा बर्थ जमिनीपासून किमान 30 सेंटिमीटर वर हवा आणि वरचा साधारण खालचा बर्थ आणि छत यांच्या मधोमध. उंची 203 धरली तर वरचा येतो सुमारे 116 वर. दोन्हींमधलं अंतर 86. त्यातून 12 ची गादी आणि 6 ची चौकट गेली की खालच्या माणसाला उरले 68. माझी बसल्या जागची उंची 88 आहे. म्हणजे खालच्या बर्थवर मला ताठ बसता येणार नाही. पाय खाली सोडून बूट चढवतानाही मान वाकवावी लागणार.

आता त्यात सामानासाठी खाली ड्रॉवर घाला, जे सगळेच घालतात. खालचा बर्थ 45 वर गेला, वरचा 124 वर, आणि खालच्याला उरले 61. आमच्या शेडमधले वयस्कर मिस्त्री प्लायच्या नमुन्यात आडवे झाले आणि दोनच मिनिटांत बाहेर आले. म्हणाले, "भाऊ, इथं कूस बदलता येत नाही न. कोपर वर लागून राहिलं." रेल्वेत रात्रभर मधल्या बर्थवर काढणं वेगळं. विदर्भ एक्सप्रेस सकाळी उतरवून देते. इथे माणूस सहा-सहा, नऊ-नऊ महिने झोपणार आहे.

उंचीपेक्षा मोठी अडचण पाळीची आहे. जहाजावर चार तास वॉच, म्हणजे कामाची पाळी, आणि आठ तास सुटी असं चक्र चालतं. मी बारा ते चारच्या वॉचवर असायचो. नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा. वरच्या बर्थवर चार ते आठचा माणूस असेल तर मी पहाटे चारला सुटून अंग टाकतो आणि सकाळी आठला तो वॉचवरून येऊन शिडी चढत असतो. दिवा लागतो, कपाट वाजतं, दार वाजतं. एकाच्या सहा तासांना दुसऱ्याची पाळी कातरत जाते. वेगवेगळ्या वॉचची माणसं एका खोलीत नकोत आणि दिवसपाळीवाला वॉचवाल्यासोबत नको, असं कन्व्हेन्शनच्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितलं आहे. फर्निचर करणाऱ्याने खोलीचा नकाशा घेतानाच कोण कोणाबरोबर झोपणार हे विचारलं पाहिजे. आम्ही विचारलं, तेव्हा समोरच्याने त्याचा विचारच केलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट. जहाजाच्या बाजूच्या भिंतीला लागून असलेल्या बर्थवर खिडकी असेल, तर तिथे एकच मजला चालतो. आमच्या एका नकाशात पोर्टहोलच्या, म्हणजे जहाजाच्या खिडकीच्या खालीच दोन मजली बंक काढला होता. तो नकाशा तिथेच बाद झाला.

तरीही दोन मजलीच करायचं ठरलं, तर वरच्या बर्थखाली धूळ न गळणारा तळ लावा, नाहीतर वरच्याच्या गादीचा भुगा खालच्याच्या डोळ्यांत जातो. पाइपच्या चौकटीची टोकं पूर्ण बंद करा, कुठेही भोक ठेवू नका. ढेकूण एकदा पाइपात शिरले की ते जहाज भंगारात जाईपर्यंत निघत नाहीत. हे दोन्ही त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे आणि नियम करणारा कधीतरी अशा बर्थवर झोपला असावा, असं मला मनापासून वाटतं.

घडीचा बर्थ

भिंतीला बिजागऱ्यांवर टेकलेला, दिवसा वर उचलून अडकवायचा. घरगुती फर्निचरवाल्यांना हा प्रकार फार आवडतो, कारण गॅस स्ट्रटसकट (पलंग हलका उचलणारा गॅसचा दांडा) तो त्यांच्या हातात बसलेला असतो. भाच्याचाही कल इकडेच होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घडीचा बर्थ लावला म्हणून छोटी खोली चालत नाही. चौरस मीटर मोजताना बर्थ, कपाट आणि बसायची जागा यांच्याखालची फरशी धरलीच जाते. म्हणजे पलंग जमिनीवर असो की भिंतीवर, 7 चे 7 लागणारच. घडीने मिळते ती फक्त दिवसा फिरायची मोकळीक. आणि वॉचवाल्याचा दिवस कोणता? तो दुपारी दोन वाजताही झोपलेला असतो. घडी घालायची वेळच येत नाही.

दुसरं, बिजागरी. इंजिनची थरथर चोवीस तास चालू असते. घरात जो बोल्ट पाच वर्षं हलत नाही, तो जहाजावर महिन्यात सैल होतो आणि रात्रभर टिकटिकतो. एका जहाजावर ट्रेनीसाठी असा बर्थ माझ्या बर्थच्या वर होता. त्याच्या अडकवायच्या पिनेचं टोक झिजलं होतं. जुलै महिना, जहाज आडवं डोलत होतं, आणि तो बर्थ सुटून माझ्या खांद्यावर आला. हाड वाचलं, पण तीन दिवस हात वर जात नव्हता. म्हणून कायमच्या माणसासाठी मी घडीचा बर्थ सुचवणार नाही. कधीमधी जहाज तपासायला येणारा सर्व्हेयर किंवा दुरुस्तीचा तंत्रज्ञ यांच्यासाठी जरूर करा, पण दोन स्वतंत्र कड्या द्या, लॉक होणारे नट वापरा आणि धातू धातूला लागेल तिथे नायलॉनचा वॉशर घाला.

कॅप्सूलसारख्या बंद पेट्यांचाही एक फोटो आम्हाला पाठवला होता. एका रात्रीच्या मुक्कामाला ठीक. महिनोन्महिने राहणाऱ्याला, आणि अलार्म वाजला की अंधारात उठून पळायचं असतं त्याला, नको.

एकट्याची केबिन, आणि ती जमत नसेल तर एल आकार

एकट्याचे 4.5 चौरस मीटर जमत असतील तर डोळे झाकून तेच घ्या. दहा जणांमागे दहा चौरस मीटर जास्त लागतात. त्या बदल्यात प्रत्येकाची सहा तासांची झोप सलग राहते. जागा खरोखर वाचवता येते ती बर्थच्या खाली. 198 बाय 80 च्या बिछान्याखालची 30 सेंटिमीटरची पोकळी बरोबर 475 लिटर भरते, आणि माणशी कपाटही नियमाने किमान 475 लिटरचंच लागतं. तरी कपाट वगळून चालत नाही. फळ्यांची जाडी, चॅनल आणि पायथ्याची खाच वजा केली की हाती लागतात तीनशेच्या आसपास. पण कुलूपबंद ड्रॉवरसाठी लागणारे वेगळे 56 लिटर, बूट आणि मोठी बॅग त्यात आरामात मावतात. मग टेबल भिंतीला लावून खाली पाडता येणाऱ्या फळीचं केलं तरी चालतं, नियमाला ते मान्य आहे.

जागा खरंच नसेल आणि दोघांना 7 चौरस मीटरच मिळणार असतील, तर बंक एकावर एक न ठेवता एलसारखे कोपऱ्यात लावा. आमच्या खडूच्या खोलीत एक बर्थ 2.35 च्या भिंतीला लागला, दुसरा लांब भिंतीला, खिडकीखाली. दोन्ही 45 सेंटिमीटरवर, दोन्हींखाली ड्रॉवर, आणि कोणाच्याही तोंडावर फळी नाही. उरलेल्या भागात 42 सेंटिमीटर रुंदीची दोन उंच कपाटं आणि एक टेबल बसलं.

यात एक खोट आहे, ती लपवत नाही. एल केला की एक बर्थ जहाजाच्या लांबीत येतो आणि दुसरा आडवा. जहाज डोलायला लागलं की लांबीतला माणूस कुशीवरून कुशीवर लोळतो, आणि आडव्याचं कधी डोकं खाली तर कधी पाय खाली. लांबीतल्याला सावरायची सोय आहे: आम्ही लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली कोंबायचो, म्हणजे भिंतीशी खोबणीसारखं होतं आणि अंग अडकून राहतं. त्यासाठी कडेची फळी, लीबोर्ड, गादीच्या वर हातभर नको पण वीत तरी यायला हवी. आडव्याला तेवढी सोय नाही. दोघांनी आलटूनपालटून झोपावं लागेल. पण हे समुद्र खवळलेल्या दिवसांचं झालं. 61 सेंटिमीटरचं छप्पर रोजच असतं.

सामानाचं थोडं. आपल्याकडे चांगलं म्हणजे सागवान, आणि बल्लारशाहचं लाकूड खरंच उत्तम आहे. पण जहाजावर आग हा पहिला शत्रू. भिंती आणि छताच्या अस्तरावर, पट्ट्यांवर, सजावटीला जळाऊ सामान किती चालेल याला हद्द आहे: सगळं मिळून भिंती आणि छताच्या एकत्रित क्षेत्रफळावर 2.5 मिलिमीटर जाडीच्या थराइतकं. भिंतींचे पॅनल रॉकवूल (न जळणारी खनिज लोकर) भरलेले पत्र्याचे येतात. सागवान लीबोर्डच्या काठाला, हात लागतो तिथे ठेवा. गादी चाचणी झालेलीच घ्या, गांधीबागेतून शिवून आणलेली चालणार नाही.

शेवटची गोष्ट आम्ही आमच्याच नमुन्यावर शिकलो. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांच्या कोरड्या हवेत, मिस्त्रींनी ड्रॉवर दीड मिलिमीटर फटीने इतके सुबक बसवले की बोटाने ढकलला तरी सरकायचा. मी एक ड्रॉवर चौकटीसकट पाठवून मुंबईत बंदराजवळ राहणाऱ्या एका जुन्या सोबत्याच्या घरी ठेवायला सांगितला. जुलैमध्ये त्याचा फोन आला, ड्रॉवर चौकटीत अडकून बसला होता आणि हातोडीने बाहेर काढावा लागला. आता चौकट ॲल्युमिनियमची केली आहे, फट चार मिलिमीटर ठेवली आहे, आणि डोलताना ड्रॉवर आपोआप उघडू नये म्हणून दाबून उघडायची कडी लावली आहे. कोटेशन एलचंच गेलं. सोबत एक ओळ जोडली आहे: छत 203 ऐवजी 210 करता आलं, तर वरचं सामानाचं फडताळ आम्ही त्याच भावात देऊ.