रॉबिन हॉबची सोळा पुस्तकं: काही महिन्यांनंतर काय उरलं आणि पुढे काय वाचावं

फँटसी वाचणाऱ्या कोणालाही "आता काय वाचू?" असं विचारलं की चार-पाच नावं ठरलेली येतात. सँडरसन, जॉर्डन, मार्टिन, अ‍ॅबरक्रॉम्बी, एरिक्सन. त्यात कोणीतरी हमखास रॉबिन हॉबचं नाव घेतं आणि लगेच पुस्ती जोडतं, "पण रडायची तयारी ठेव." अशाच एका सल्ल्यावरून मी तिची 'रेल्म ऑफ द एल्डरलिंग्ज' ही मालिका हातात घेतली, सोळाही पुस्तकं संपवली आणि नंतर काही महिने मुद्दाम त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. शेवटचं पान वाचलं त्या दिवशी लिहिलेल्या अभिप्रायावर माझा फारसा विश्वास नाही. तेव्हा पुस्तक एकतर डोक्यावर घेतलेलं असतं, नाहीतर पायदळी तुडवलेलं. मधल्या काळात बाकीच्यांचंही बरंच वाचून झालं, त्यामुळे आता तुलना करता येते.

आधी निकाल सांगून टाकते: घ्या, पण घाई असेल तर घेऊ नका.

पहिलं पुस्तक 'असॅसिन्स अप्रेंटिस' 1995 चं, शेवटचं 'असॅसिन्स फेट' 2017 चं. मध्ये पाच टप्पे. तीन त्रयी फिट्झ नावाच्या एकाच माणसाच्या, बहुतेक त्याच्याच तोंडून सांगितलेल्या. उरलेल्या सात पुस्तकांत तो निवेदक नाही: तीन बोलणाऱ्या जहाजांची आणि चार ड्रॅगनांची. फिट्झ म्हणजे युवराजाचं अनौरस पोर. सहा वर्षांचा असताना त्याला आईकडचा आजोबा सैनिकांच्या हवाली करतो, तो वाढतो घोड्यांच्या पागेत, आणि राजा त्याचा उपयोग ठरवतो: गुपचूप माणसं मारणारा. पहिल्या पुस्तकात आपल्याला भेटलेलं हे पोर शेवटच्या त्रयीपर्यंत साठीकडे झुकतं. एकाच माणसाचं इतकं आयुष्य, त्याच्या चुका आणि कुरकुरीसकट, फँटसीत फार कमी जणांनी लिहिलंय.

आता संथपणाबद्दल, कारण तक्रार कायम तीच असते. खरी आहे. पहिल्या पुस्तकात पानंच्या पानं पोरगा कुत्र्यांबरोबर झोपतो, तबेला झाडतो, हस्ताक्षर गिरवतो. लढाई शोधणाऱ्याने शंभर पानांत पुस्तक फेकलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण हॉब त्या पानांत काय करते ते मागाहून लक्षात येतं. नोझी नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणि फिट्झ यांचं मन जुळलेलं असतं, अगदी शब्दशः. पागेचा प्रमुख बरिच, ज्याने या पोराला वाढवलं, त्याला ते कळतं आणि तो पिल्लाला घेऊन जातो. पोराच्या मनातला तो धागा तुटतो. त्यापुढचं सगळं पुस्तक फिट्झ बरिचकडे एका ठाम समजुतीने बघत राहतो आणि आपणही. त्या समजुतीचा निकाल लागतो तो अगदी शेवटाकडे, तोही दुसऱ्याच गडबडीत. काय ते सांगत नाही. एवढंच सांगते की त्या प्रसंगानंतर मी मागे जाऊन बरिचचे सगळे प्रसंग पुन्हा वाचले, आणि प्रत्येकात माणूस वेगळा दिसला.

दुसरी जागा 'फोर्ज' गावाची. किनाऱ्यावर लाल जहाजांवरून चाचे येतात, गाव लुटतात, माणसं पळवतात. खंडणीचा निरोप येतो: सोनं द्या, नाहीतर तुमची माणसं परत पाठवू. परत पाठवू! दरबारात कोणालाच याचा अर्थ लागत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. मग माणसं परत येतात, अंगावर ओरखडा नसतो, पण आत काहीच उरलेलं नसतं. आई पोराला ओळखते, पण तिला त्याचं काही वाटत नाही. भूक लागली की हिसकावून खातात. मी आजवर ड्रॅगन, अंधाराचे राजे आणि काळ्या चिलखतांच्या फौजा भरपूर वाचल्या, पण एवढी भीती कशाची वाटली नव्हती.

जादूच्या बाबतीत हॉब आणि सँडरसन ही दोन टोकं. ब्रँडन सँडरसनचं म्हणणं साधारण असं की वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल तितकीच ती लेखकाने पेच सोडवायला वापरावी. 'मिस्टबॉर्न'मध्ये (2006) त्याने ते चोख पाळलंय. धातू गिळायचा, पोटात 'जाळायचा', पोलादाने ढकलायचं, लोखंडाने ओढायचं. नायिका विन नाणं खाली टाकते, त्याला ढकलते आणि हवेत झेपावते. पुढच्या मारामारीत नाणी कुठे पडलीत यावर आपणच लक्ष ठेवायला लागतो. मजा येते, नाकारत नाही. हॉबच्या जादूला असे नियम नाहीत, तिच्या जादूला व्यसन आहे. 'स्किल' ही मनाची जादू वापरून फिट्झचा काका, आताचा युवराज व्हेरिटी, मनोऱ्यात बसून शत्रूची जहाजं भरकटवतो, आणि दिवसेंदिवस त्याचं जेवण सुटतं, गाल बसतात, समोर बोलणाऱ्याकडे त्याचं लक्ष राहत नाही. तो जिंकतोय की संपतोय तेच कळत नाही. महिन्यांनंतर 'मिस्टबॉर्न'च्या लढाया एकमेकींत मिसळल्या आहेत. व्हेरिटीचं खिडकीशी बसणं जसंच्या तसं आठवतं. मला वाचून काय हवं असतं ते मला यावरून कळलं. तुमचं उलट असू शकतं, आणि तसं असेल तर सँडरसनची रांग मोठी आहे, चिंता नको.

तिचे दोष. खलनायक रीगल कायम रुसलेल्या श्रीमंत पोरासारखा वागतो. इतक्या बारकाईने माणसं रंगवणारी लेखिका याच्यावर इतकी निष्काळजी का, कळत नाही. पहिल्या त्रयीतल्या 'असॅसिन्स क्वेस्ट'चा मधला भाग म्हणजे चालणं, पकडलं जाणं, सुटणं, पुन्हा चालणं. तिथे मी पुस्तक एकदा बाजूला ठेवलं होतं. फिट्झ स्वतः तर डोक्यात जातो. जे चार वाक्यांत सांगून टाकलं तर निम्मी संकटं टळतील, ते तो सांगत नाही म्हणजे नाही. यावरून त्याला शिव्या घालणारे वाचक पुष्कळ आहेत. माझ्या मते तो लहानपणापासून गप्प बसायलाच शिकवलेला माणूस आहे, म्हणून ते पटतं. पण पटलं तरी त्रास व्हायचा तो होतोच.

'लिव्हशिप ट्रेडर्स' (1998 ते 2000) मात्र या सगळ्यातलं शिखर आहे, आणि नेमकी तीच त्रयी "फिट्झ नाहीये ना, मग सोडली तरी चालेल" म्हणून लोक वगळतात. कृपा करून वगळू नका. एक तर फिट्झच्या नंतरच्या 'टॉनी मॅन' त्रयीत तिथल्या गोष्टी उघड होतात. दुसरं म्हणजे कल्पनाच अशी आहे: जादूच्या लाकडाचं जहाज, घराण्याच्या तीन पिढ्यांतली माणसं त्याच्या डेकवर मेली की ते जागं होतं. पुढच्या टोकाला कोरलेली मूर्ती डोळे उघडते आणि बोलते, त्या मेलेल्यांच्या आठवणींसकट. विवेशिया जहाज जागं होतं तेव्हा त्या घराण्यातल्या ज्या अल्थियाने त्याच्यावर जीव टाकला तिला ते मिळत नाही, मिळतं तिच्या मेहुण्याला, ज्याला बोलणारं जहाज म्हणजे गुलाम वाहायची सोय वाटते. पॅरागॉन हे दुसरं जहाज किनाऱ्यावर टाकून दिलेलं आहे, त्याच्या मूर्तीचे डोळे कुऱ्हाडीने तोडलेले. त्याच्याशी कोणी प्रेमाने बोललं की ते लहान मुलासारखं खुलतं, आणि जरा कुठे खुपलं की घाबरायला होईल असं बोलतं.

आणि केनिट. चाचांचा राजा व्हायला निघालेला माणूस. आपल्या सहकाऱ्याशी तो सौदा करतो: एका जिवंत जहाजाचा पाठलाग केला की त्या बदल्यात एक गुलामवाहू जहाज पकडायचं. गुलाम सुटतात, त्याला देव मानायला लागतात, आणि त्याला मनात त्यांचं काडीचंही प्रेम नसतं. त्याच्या मनगटावर त्याच्याच चेहऱ्याचा एक छोटा ताईत आहे, तोही जादूच्या लाकडाचा. तो त्याला टोमणे मारतो. चांगलं काम वाईट मनाने केलं तर ते चांगलं का, असा प्रश्न हॉब कुठेही विचारत नाही. ती फक्त केनिटच्या पायाशी वाकणारी माणसं दाखवते आणि वर मनगटावरचं ते तोंड. इतका चांगला, म्हणजे इतका वाईट, माणूस मला या प्रकारच्या पुस्तकांत दुसरा भेटलेला नाही.

'रेन वाइल्ड' ची चार पुस्तकं वाचून काढा आणि पुढे चला. अधूनमधून पाठवलेल्या कबुतरांच्या चिठ्ठ्या गमतीशीर आहेत, बाकी दोनच पुस्तकांचा ऐवज आहे.

शेवटची त्रयी लगेच वाचू नका, असं मी सांगेन. फिट्झच्या आधीच्या त्रयीचं शेवटचं पुस्तक 'फूल्स फेट' 2003 चं, या त्रयीचं पहिलं 'फूल्स असॅसिन' 2014 चं. मूळ वाचकांना मध्ये अकरा वर्षं मिळाली, तेवढी नको, पण थोडा श्वास घ्या. राजाचा विदूषक आणि फिट्झ यांच्या नात्याला त्या अंतराने जे येतं ते सलग वाचताना हरवतं.

मग यानंतर काय? "सर्वांत भारी लेखक कोण" या वादात मला रस राहिलेला नाही. हॉबमधलं तुम्हाला काय आवडलं यावरून पुढचं ठरवावं. वय वाढणारा, हरणारा नायक आवडला असेल तर उर्सुला ले ग्विनचं 'अर्थसी' घ्या. पहिलं पुस्तक 1968 चं, हॉबच्या एका पुस्तकाच्या जाडीत तिची तीन सहज बसतील. चौथं, 'तेहानू', 1990 मध्ये आलं, आणि त्यात तिने आपल्याच थोर जादूगाराला शक्ती गेलेला, शेळ्या राखणारा माणूस करून टाकलं. त्यावर नाराज झालेले वाचक मी ऐकलेत. मला ते चारांत सर्वांत धाडसी वाटतं.

केनिट आवडला तर थेट जो अ‍ॅबरक्रॉम्बी. 'द ब्लेड इटसेल्फ'मधला ग्लोक्टा एकेकाळचा तलवारबाज, शत्रूच्या कैदेत छळून मोडलेला, आणि आता स्वतः छळ करून कबुलीजबाब घेणारा अधिकारी. जिने चढणं म्हणजे त्याला यातना, म्हणून जिन्याचा त्याला मनस्वी राग. प्रत्येक संवादात तो वर एक बोलतो आणि मनात दुसरंच. हसू येतं, आणि आपण कोणाबरोबर हसतोय ते आठवून अवघडायला होतं.

दुःख हवंय पण सोळा पुस्तकं नकोत, अशांना गाय गॅव्हरिएल केचं 'तिगाना' (1990). एकच खंड. मुलगा लढाईत मेला म्हणून एक जादूगार राजा त्या प्रांताचं नावच पुसतो; तिथे जन्मलेल्यांखेरीज कोणाला ते ऐकूही येत नाही. एन. के. जेमिसिनचं 'द फिफ्थ सीझन' ही थोर, पण हॉबच्या पाठोपाठ नको, दोन्ही एकदम झेपत नाहीत. तिच्या या त्रयीच्या तिन्ही पुस्तकांना लागोपाठ ह्यूगो पुरस्कार मिळाला, 2016 ते 2018, आणि तो उगाच नाही. डोकं हलकं करायचं असेल तर टेरी प्रॅचेट. त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत, पण क्रमाने सुरुवात करू नका, 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून धरा.

एरिक्सनच्या 'मॅलाझन' मालिकेत मी अर्ध्यावर आहे. तो काहीही समजावून सांगत नाही, सरळ लढाईच्या मध्यात नेऊन सोडतो. सध्या तरी कौतुक जास्त आणि जिव्हाळा कमी आहे. मार्टिन आणि रॉथफसबद्दल एवढंच, की दोघांचंही मालिकेतलं शेवटचं मोठं पुस्तक 2011 चं आहे. रॉथफसच्या 'द नेम ऑफ द विंड'ची भाषा अप्रतिम आहे, तरीही अपुरी मालिका हातात घ्यायची की नाही ते ज्याने त्याने आपापल्या रक्तदाबाप्रमाणे ठरवावं. हॉबच्या बाजूने हा एक मुद्दा मोठाच: सोळाही पुस्तकं लिहून झालेली आहेत.

मी स्वतः सध्या लोइस मॅकमास्टर बुजोल्डचं 'द कर्स ऑफ चॅलियन' वाचतेय. पस्तिशीतला माणूस, पाठीवर चाबकाचे वळ, चालत चालत जुन्या मालकिणीच्या दारी येतो आणि मुदपाकखान्यात काही काम मिळेल का असं विचारायचं ठरवतो. अजून एकही तलवार उपसलेली नाही आणि मला पुस्तक खाली ठेववत नाहीये. हे ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगावं: याच्या पुढचं 'पॅलाडिन ऑफ सोल्स' लगेच घेऊ का?