4:50 ची बस: इंजिनिअरिंग कॉलेज, एक वर्ष वापरल्यानंतर

दुसऱ्या वर्षाच्या फीची स्लिप परवा हातात पडली. त्यात पुन्हा 'वाहतूक शुल्क 32,000' छापलेलं आहे. मुलीने डिसेंबरपासून कॉलेजच्या बसमध्ये पाय ठेवलेला नाही. तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकू.

कॅप राउंड, कटऑफ, पर्सेंटाइल यात शिरत नाही. घरात बारावीचं पोरगं असेल तर ते सगळं तुम्हाला झोपेतही पाठ असणार. आमची मुलगी, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), 2025 ची बॅच. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत आपण भरलेल्या पहिल्या तीन पसंतींपैकी काही लागलं की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, हा नियम त्याच वर्षी आला आणि आम्हाला नेमकं तीन नंबरचं लागलं. तीन नंबरला ते मीच टाकलेलं. घरापासून 26 किलोमीटर, चौकात बस येते, हॉस्टेल-मेसचा खर्च वाचतो, असा साधा हिशोब. मुलीची ट्यूशन फी सरकारी योजनेत माफ झाली (ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत), म्हणजे खिशातून जाणाऱ्यात मोठा आकडा बसचाच.

बस चांगली आहे हो. सीट फाटलेल्या नाहीत, ड्रायव्हर सभ्य. वाईट एकच, ती 4:50 ला सुटते. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

यात काय बिघडलं, असं मलाही वाटायचं. ऑक्टोबरमध्ये मी तिकडे एका गिऱ्हाइकाची मोटर पोचवायला गेलो होतो (माझं वाइंडिंगचं दुकान आहे), म्हटलं पोरीला घेऊनच जावं. पार्किंगमध्ये उभा राहिलो. 4:35 पासून पोरं पळत यायला लागली. एक मुलगी सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड तसाच हातात धरून आली, वायरी लोंबत होत्या, एक एलईडी अजून पेटलेला. बॅटरी काढायलाही वेळ नव्हता. आमची म्हणाली, "पप्पा, रोज असंच. साडेचारलाच सगळे सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) बंद करतात, रीडिंग कुणाचं तरी उतरवून घेतो." प्रॅक्टिकलची वेळ फाइलवर दोन तास. जोडणी करण्यात तास जातो, चूक सापडायला लागते तोवर बसची वेळ होते. चूक सापडली नाही तर शिकलं काय? माझ्याकडचा दहावी नापास पोरगा जळालेली वाइंडिंग शोधायला एक अख्खी दुपार घेतो, तेव्हा कुठे त्याला हात बसलाय.

त्या रात्री मी रिव्ह्यू लिहायला घेतला होता. दोन तारे. लॅबमधल्या सोल्डरिंग गनचे बिट झिजून ठोकळे झालेत, वायफाय फक्त ऑफिसजवळ पकडतं, आणि गेटवरच्या होर्डिंगवर एकाच मुलाचं पॅकेज तीन वर्षं झळकतंय. (होर्डिंग बघू नका. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला, माहिती देणाऱ्या कॉलेजांच्या वेबसाइटवर तीच माहिती असते, त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती ते दिसतं. मी हे ॲडमिशननंतर बघितलं.) दोन तारेही जास्तच वाटत होते. पोस्ट करायचं राहून गेलं ते बरं झालं.

कारण नोव्हेंबरात मुलगी ई-बाजा स्पर्धेच्या टीममध्ये शिरली. विजेवर चालणारी, खडकाळ रस्त्याची गाडी पोरं स्वतः बांधतात. फर्स्ट इयरवाल्यांना नटबोल्टचे पाने पुसायला ठेवतात, तशी हिलाही ठेवली. पण काम सुरूच होतं पाचनंतर. आठवडाभर घरात धुसफूस. मग म्हणाली, मी एसटीने येते. फाटा कॉलेजपासून दीड किलोमीटर, संध्याकाळच्या गाड्या 6:15 आणि 7:20. हिची आई तयार होईना. शेवटी आमच्या बाजूच्या चौघीजणी एकत्र येतात असं ठरलं, आणि पहिले पंधरा दिवस मी स्कूटर घेऊन स्टँडवर.

एसटीच्या पासला विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे. पाच महिन्यांचे सगळे पास मिळून बसच्या एका हप्त्याच्या निम्मेही झाले नाहीत.

जानेवारीत बसचा दुसरा हप्ता, 16,000, मागितला. ऑफिसात म्हणाले, "कम्पल्सरी आहे, पॉलिसी आहे." कुठे लिहिलंय? "परीक्षेचा फॉर्म अडकेल." फी नियामक प्राधिकरण ठरवून देतं ती ट्यूशन आणि डेव्हलपमेंट फी, त्यात तुमची बस कुठून आली, असं विचारल्यावर क्लार्क चहाला गेला. दुसऱ्या दिवशी बस नको, डिपॉझिट परत द्या, असा दोन प्रतीत अर्ज दिला आणि आवक शिक्का मारून पोच घेतली. फोन, मेल, ओळखीचा माणूस, काही कामाला आलं नाही. शिक्क्यानंतर परीक्षेच्या फॉर्मचं नाव कोणी काढलं नाही.

आणि कॉलेज? कॉलेज तेच आहे. बिट तेच, वायफाय तेच. पण पाचनंतर तिथे एक वेगळंच कॉलेज भरतं, ते आम्हाला चार महिने माहीतच नव्हतं. लॅब असिस्टंट किल्ली देतो, फक्त मागणारं कोणी तिथे असायला हवं. एक तरुण सर सात वाजेपर्यंत थांबतात, ते दिवसा वर्गात ओळखूही येणार नाहीत इतके गप्प. लायब्ररी साडेसातपर्यंत उघडी. तिथे बसून चौघींनी एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) एक कोर्स केला. व्याख्यानं फुकट, परीक्षेला 1000 रुपये. तेवढे मी कुरकुर न करता दिले.

मार्चमध्ये ती दुकानात येऊन माझा क्रिम्पिंग टूल मागून घेऊन गेली. गाडीची वायरिंग हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींची जुडी, आता हिच्याकडे. मी वायरीच्या टोकाला लग (दाबून बसवायचं धातूचं टोक) बसवून दाखवायला गेलो तर म्हणाली, "असं नाही पप्पा, ओढून बघायचं," आणि मीच दाबलेला लग माझ्यासमोर उपटून दाखवला.

चार तारे. कॉलेज बघायला आम्ही रविवारी गेलो होतो, गाइडने ऑडिटोरियम दाखवलं. तुम्ही कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला जा आणि कुठल्या खोल्यांत दिवे आहेत ते मोजा. घरी यायची शेवटची गाडी कितीला, ते स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा, कॉलेजला नको.

पाचवा तारा बसच्या 2,000 डिपॉझिटसाठी राखून ठेवलाय. अर्जाला सहा महिने झाले. परत आलं की इथेच कळवतो.