विषबाधेचा खटला: डॉक्टरची साक्ष की व्हिसेराचा अहवाल?

तासगाव भागात द्राक्षांवर फवारायचं विषारी औषध घरोघरी असतं, म्हणून सांगलीच्या कोर्टात हा प्रश्न नवा नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणाच्या बरणीतून प्रयोगशाळेत गेलेला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, विष कोणतं ते सांगतो. सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा तो कायदा) कलम ३२९ प्रमाणे त्याच्या साक्षीशिवायही पुरावा म्हणून वाचता येतो. सोय आहे, पण कागदाला उलटतपासणीत घाम फुटत नाही!

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला फुटतो. तोंडाचा वास, पोटातला द्रव, हातावरची खूण त्यानं स्वतः पाहिलेली. “औषध जबरदस्तीनं पाजलं असेल का?” याला उत्तर देणारा तोच. मात्र साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार ते मतच. न्यायाधीशावर बंधनकारक नाही. तरी मला डॉक्टरच वजनदार वाटतो.