स्लाइड काढायच्या नाहीत, लिहायच्या: मार्पसोबतचे आठ महिने

मी डेटा विश्लेषणाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेते. एका तुकडीत दुसऱ्या दिवशी दुपारी एका मुलीने हात वर केला. पडद्यावरचा कोड तिने अक्षर न् अक्षर तसाच टाइप केला होता आणि तरी एरर येत होता. चूक माझ्या स्लाइडची होती. पांडाज या पायथन भाषेच्या लायब्ररीतून (तयार कोडच्या संचातून) डेटाफ्रेमला, म्हणजे तक्त्याला, ओळी जोडणारं ‘अपेंड’ २.० या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये, काढून टाकलं गेलं. आता त्याजागी ‘कॉनकॅट’ वापरावं लागतं. हा बदल मी स्लाइडमध्ये केला होता, पण तीन ठिकाणी कोडचा स्क्रीनशॉट चिकटवलेला होता. स्क्रीनशॉटमधला शब्द कितीही शोधला तरी सापडत नाही. त्या रात्री सगळ्या २१४ स्लाइड एकेक करून डोळ्यांखालून घातल्या, आणि पुढच्या तुकडीआधी हे सगळं साध्या मजकुरात आणायचं ठरवलं.

मजकूर किंवा कोड लिहून स्लाइड करण्याची साधनं बरीच आहेत; मार्प त्यातलंच एक. संशोधक मंडळी लाटेक या मजकूर मांडणीच्या प्रणालीतलं बीमर वर्षानुवर्षं वापरतात. गणिताची सूत्रं खूप असतील तर तेच घ्यावं. रिव्हील डॉट जेएस ब्राउझरमध्ये चालतं. त्यात स्लाइड आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना लावता येतात, आणि कोडमधल्या ओळी टप्प्याटप्प्याने उजळवता येतात. स्लायडेव्ह व्ह्यू या वेब-पानं बनवायच्या फ्रेमवर्कवर उभं आहे आणि प्रोग्रामरना फार आवडतं. तिन्ही थोडी थोडी वापरून पाहिली आणि शेवटी मार्प घेतलं. कारण एकच: शिकण्यासारखं त्यात सर्वांत कमी होतं. व्हीएस कोड हा एडिटर रोजच्या वापरात होताच. त्यात मार्पचं एक्स्टेन्शन टाकलं, फाइलच्या वरच्या दोन-तीन ओळींत ‘मार्प: ट्रू’ लिहिलं आणि शेजारच्या खिडकीत स्लाइड दिसायला लागली.

फाइल साध्या मार्कडाउनची, म्हणजे थोडी चिन्हं लावलेल्या मजकुराची, असते. ओळीच्या सुरुवातीला हॅश दिलं की शीर्षक, हायफन दिला की मुद्दा, आणि ओळीवर नुसते तीन हायफन दिले की नवी स्लाइड. डोक्यातला विचार आणि पडद्यावरची ओळ यांच्यामध्ये चौकट ओढणं, रंग निवडणं, दोन मिलिमीटर डावीकडे सरकवणं यातलं काही येत नाही. पहिल्या आठवड्यात मला याचाच सर्वांत जास्त आनंद झाला. आधी शिकवण्याचा क्रम ठरवताना माझा हात सारखा मांडणीकडे वळायचा. आता आधी सगळं लिहून होतं, मग दिसणं.

पण याच आठवड्यात एक गोष्ट जडही गेली. मार्पची नेहमीची स्लाइड १२८० बाय ७२० पिक्सेलची असते. कोडचा तुकडा मोठा झाला तर नेहमीची थीम तो आपोआप लहान करते, पण मुद्दे जास्त झाले तर ते लहान होत नाहीत, सरळ खालच्या कडेबाहेर जातात. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर गुपचूप बारीक होत जातं, त्यामुळे स्लाइड भरून वाहते आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. आता नववा मुद्दा कापला गेलेला दिसतो आणि स्लाइड दोन करावी लागते. माझ्या २१४ स्लाइडच्या २६१ झाल्या. शिकवायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहिला, आणि मागच्या बाकावरच्यांना वाचता यायला लागलं.

मराठी स्लाइड करणाऱ्यांसाठी पुढचा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण माझे सर्वांत जास्त तास त्यात गेले.

पहिलं म्हणजे फाँट. थीमचे फाँट लॅटिन लिपीचा विचार करून निवडलेले असतात. देवनागरी आली की ब्राउझर त्या संगणकावर जो सापडेल तो फाँट लावतो. माझ्या लॅपटॉपवर नीट दिसणारी स्लाइड वर्गातल्या संगणकावर वेगळीच दिसली ती यामुळे. मग सीएसएसमध्ये, म्हणजे स्लाइड कशी दिसावी ते लिहायच्या भाषेत, नोटो सान्स देवनागरीचं नाव स्पष्ट लिहिलं आणि फाँटची फाइलही सोबत जोडली. मुक्ताही चांगला आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे. ठळक वजनाची फाइलही जोडायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात.

दुसरं, भाषा सांगणं. फाइलच्या वरच्या भागात भाषा ‘एमआर’ अशी लिहिली की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपं येतात. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. अनेकांना हा फरक जाणवत नाही, मला मात्र जाणवतो, आणि एका ओळीत तो सुटतो म्हटल्यावर न सोडवण्याचं कारण उरत नाही. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा माग मला कधीच लागला नव्हता.

तिसरं, दोन अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून सीएसएसमध्ये हे अंतर वाढवायची पद्धत आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटासुटा दिसतो. कुठूनही थीम उचलली तर आधी ही सूचना शोधून शून्य करा. ओळींमधलं अंतर उलट वाढवा. ‘द्धू’च्या खालच्या ओळीत ‘र्कि’ आलं तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना भिडतात. मी १.५ ठेवलं आहे.

कोडमधल्या मराठी टिपांचा (कॉमेंटचा) प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. कोडच्या समान रुंदीच्या फाँटमध्ये सहसा देवनागरी नसते, त्यामुळे टीप दुसऱ्याच फाँटमध्ये येते आणि ओळींचं उभं जुळणं बिघडतं. टिपा मी कोडबाहेर, खाली लिहायला लागले आहे.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याकडे येते. माझी प्रत्येक फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, आहे. तुकडी संपली की त्या दिवशी जिथे मुलं अडली त्या स्लाइड लगेच सुधारते आणि का सुधारलं ते कमिटच्या, म्हणजे त्या नोंदीच्या, संदेशात एका ओळीत लिहिते. सहा महिन्यांपूर्वी मी ‘ग्रुपबाय’ (माहितीचे गट पाडणं) कसं समजावत होते आणि आता कसं समजावते, हे शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतं. शिकवणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. नावापुढे ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम दुरुस्त’ लावलेल्या फाइली जपून ठेवण्याची गरज संपली.

आलेखांचंही तसंच. पायथनचा एक छोटा प्रोग्राम सगळे आलेख काढून एसव्हीजी या चित्राच्या स्वरूपात एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि स्लाइडमध्ये फक्त त्या फाइलचं नाव असतं. आकडे बदलले की एक कमांड देते: आलेख नवे, पीडीएफ नवी. मागच्या महिन्यात आदल्या संध्याकाळी नमुन्याची माहिती बदलावी लागली. ३१ आलेख पाच मिनिटांत नवे झाले. जुन्या पद्धतीत रात्र गेली असती आणि एखादा जुना आलेख हमखास तसाच राहिला असता.

एक्स्पोर्टबद्दल थोडं. एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल, सहज निघतं. पीडीएफसाठी संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स लागतो, आणि कमांड लाइनवरून काढताना स्वतःच्या फोल्डरमधली चित्रं वापरायची परवानगी वेगळी द्यावी लागते. सुरक्षिततेसाठी ती मुळात बंद असते. शिकवताना मी एचटीएमएलच उघडते. ‘पी’ दाबलं की वक्त्याची खिडकी येते, तिच्यात पुढची स्लाइड आणि माझ्या टिपा दिसतात. मुलांनाही एचटीएमएलच देते. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की काना-मात्रा बऱ्याचदा विस्कटतात.

कुठे अडतं तेही सांगायला हवं. बाण अमुक चौकटीपासून तमुक चौकटीपर्यंत, असलं चित्र मजकुरातून उभं करणं म्हणजे शिक्षा. एका आकृतीवर मी दीड तास घालवला आणि मग नाद सोडला. आता आकृती चित्र काढायच्या प्रोग्रामात काढते आणि एसव्हीजी म्हणून आणते. चित्र डावीकडे अर्ध्या भागात, मजकूर उजवीकडे, एवढी मांडणी मार्पमध्ये एका ओळीत होते. त्यापलीकडे सीएसएस यायलाच हवं.

दुसरी अडचण माणसांची आहे. पॉवरपॉइंटची फाइल मार्पमधून निघते, पण त्यात प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून बसवलेली असते, शब्द बदलता येत नाही. बदलता येईल अशी फाइल काढायचा पर्याय आहे, तो अजून प्रायोगिक आहे आणि त्याला लिब्रे ऑफिस लागतं. ज्या सहकाऱ्यांसोबत मी एकत्र सादरीकरण करते त्यातले दोघं कधी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडत नाहीत. त्यांच्यावर गिट लादणं मला पटत नाही, म्हणून ती कामं जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये होतात. तिघा-चौघांनी एकाच वेळी एका स्लाइडवर हात फिरवायचा असेल, किंवा एकदाच दाखवून विसरायचं दहा मिनिटांचं भाषण असेल, तर मी कुणालाही मार्प सुचवणार नाही. तोच विषय वर्षातून चार वेळा शिकवणाऱ्यांना मात्र आग्रहाने सुचवेन, आणि पहिला संच हलवायला पूर्ण तीन दिवस मोकळे ठेवा असंही सांगेन. मला तेवढे लागले. दुसऱ्याला एकच दिवस लागला.

माझ्या सातपैकी चार प्रशिक्षणं आता मजकुरात आहेत. पाचवं, आकडेवारीची ओळख, या महिन्यात हलवते आहे. उरलेली दोन आकृत्यांनीच भरलेली आहेत. ती आहेत तिथेच ठेवणार आहे.