तीव्र रुग्णसेवेतील नर्स प्रॅक्टिशनर: एमएसएन की डीएनपी?

अमेरिकेत गंभीर आजारी प्रौढांवर उपचार करणारी नर्स प्रॅक्टिशनर (रोगनिदान करून औषधे लिहून देऊ शकणारी, प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका) होण्यासाठी दोन वाटा आहेत: एमएसएन ही नर्सिंगची पदव्युत्तर पदवी आणि डीएनपी ही नर्सिंगची व्यावसायिक डॉक्टरेट. २०१५ पर्यंत डीएनपी हीच किमान पात्रता व्हावी, अशी शिफारस तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये केली होती. मात्र ती शिफारसच राहिली आणि आजही दोन्ही पदवीधरांना प्रमाणनाची परीक्षा एकच असते.

पहाटे तीन वाजता व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर सलाइन वाढवायचे की नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करायचे, हे ठरवण्याचे शिक्षण दोन्हीकडे जवळपास सारखेच मिळते: प्रगत औषधशास्त्र, आजारात शरीराच्या कार्यात होणाऱ्या बदलांचे शास्त्र, शारीरिक तपासणी आणि २०२२ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास. डीएनपीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत बीएसएन या नर्सिंगच्या पदवीनंतरचे प्रात्यक्षिकाचे तास एकूण किमान १००० व्हावे लागतात; शिवाय सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेतील) रुग्णाला पहिले प्रतिजैविक वेळेत मिळावे यासाठी वॉर्डची कार्यपद्धती बदलण्यासारखा एखादा प्रकल्प पूर्ण करावा लागतो.

वेळ आणि खर्च अर्थातच डीएनपीत जास्त. अध्यापन किंवा रुग्णालयाचे नेतृत्व करायचे असेल, तर थेट डीएनपी करणे योग्य. ज्यांचे मन रुग्णाच्या खाटेपाशीच रमते, त्यांनी आधी एमएसएन करावे आणि डीएनपी नोकरी सांभाळून पुढे करावे, असे मला मनापासून वाटते. प्रवेश घेण्यापूर्वी मात्र प्रात्यक्षिकासाठीचे रुग्णालय महाविद्यालय स्वतः मिळवून देते की ते विद्यार्थ्यालाच शोधावे लागते, हे अवश्य विचारावे.