४५ हजारांचं मंजुरीपत्र

मुलगा चार वर्षांचा. जरा पळाला की धापा टाकायचा, वजन तर वाढतच नव्हतं. नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाला छिद्र निघालं, ऑपरेशनचा खर्च तीन लाख सांगितला. आम्ही निफाडकडचे, दीड एकर कांदा. काउंटरवर सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारलं तर "बेड फुल आहेत" म्हणून तिथल्या बाईने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर तो भेटला. हातात प्लॅस्टिकची फाइल, खिशाला दोन पेनं. म्हणाला, "दादा, फुले योजनेत घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत होतं. पण फाइल मुंबईत अडकते. ४५ हजार वर द्यावे लागतात." पहिलं वाक्य खरं होतं. त्या भरवशावर दुसरंही गळी उतरलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सराफ बाजारात. सराफाने पोतीचा दोरा कात्रीने कापला, वाट्या आणि सोन्याचे मणी तराजूत टाकले आणि काळे मणी वेगळे करून कागदाच्या पुडीत परत दिले. सोन्यात काळे मणी धरत नाहीत. ते तिने घरी पिवळ्या दोऱ्यात ओवले.

आठ दिवसांनी मंजुरीपत्र मिळालं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मुलाचं आडनाव मात्र चुकलेलं. म्हटलं, सरकारी काम, चालायचंच. योजनेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात ते पत्र घेऊन गेलो. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतीला बसवलेल्या माणसाने, उलटंपालटं करून पाहिलं आणि मला बाजूला नेऊन बसवलं.

त्याच्याकडून कळलं ते असं. मंजुरी हॉस्पिटलच ऑनलाइन मागतं, पैसे थेट हॉस्पिटलला जातात. पेशंटला आणायचं असलं पत्रबित्र नसतंच. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे जायचं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात तो असतो आणि त्याला एक रुपया द्यायचा नसतो. कुणी बेड फुल म्हणून हाकललं किंवा पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करायचा. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि शाळेतच होते, हृदयाचं निघालं तर पुढचे उपचारही मोफत. आमच्या अंगणवाडीत ते पथक येऊन गेलं होतं. त्या दिवशी पोराला आम्ही मामाच्या गावाला नेलेलं.

त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमधून कागद पुढे सरकले आणि ऑपरेशन झालं, पैसे न लागता. आता पोरगा ओट्यावरून उड्या मारतो, रागवावं लागतं.

तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "रोख दिले? पावती?" पावती कुठली! ते पत्रच जोडलं. त्या फाइलवाल्याचा फोन तेव्हाच बंद झाला होता.

परवा फेरतपासणीला नाशिकला गेलो. जाता जाता त्या टपरीवाल्याला विचारलं, तो फाइलवाला दिसतो का?

"ते होय?" चहा गाळता गाळता तो म्हणाला, "ते आता पलीकडच्या गेटला बसतात."